दुकानात चालू, घरी बंद

गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली आणि माझं डोकं फिरलं.

गाडी चालू झाली की कोणताही मिस्त्री खूश होतो. माझं उलटं झालं होतं. चैत्रातलं अकरा वाजताचं ऊन, गोमाजींचं अंगण, एका बाजूला वाळत घातलेली मोहफुलं, आणि मधोमध ती पांढरी जुनी गाडी. मी चाबी फिरवली तसं इंजिन सुरू. बंद केलं, पुन्हा फिरवली, पुन्हा सुरू. आठ वेळा फिरवली आणि आठही वेळा सुरू.

"पाहा बरं," गोमाजी ओशाळून म्हणाले. "सकाळी मी चार डाव चाबी फिरवली जी. मेल्यासारखी पडून होती. तुम्ही हात लावला का उठते."

"मंग माझा हातच ठेवून घ्या तुमच्या घरी," मी खेकसलो.

मी श्रावण. सिहोऱ्याच्या बसथांब्याला लागून माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. ट्रॅक्टर, टेम्पो, वरातीची गाडी, सगळ्यांच्या वायरी माझ्या हाताखालून गेल्या आहेत. समोर दिसणाऱ्या बिघाडाला मी भीत नाही. पण मी आलो की लपतो आणि मी गेलो की बाहेर येतो, असा बिघाड माणसाला वेडा करतो. गोमाजींच्या गाडीनं दोन महिन्यांत तीनदा माझं नाक कापलं होतं. पहिल्यांदा मी बॅटरीची टोकं घासून दिली. दुसऱ्यांदा अर्थिंगची वायर बदलली. तिसऱ्यांदा सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला झटका देणारी मोटर, खोलून त्यात नवे कार्बन टाकले. दर वेळी गाडी दुकानात शहाण्यासारखी चालू व्हायची आणि दोन दिवसांनी गोमाजींचा फोन यायचा, "श्रावणभाऊ, बसली जी पुन्हा." श्रावणला आता डोळ्यांनी दिसत नाही, अशी कुजबुज बसथांब्यावर सुरू झाली होती आणि ती माझ्या कानावर येत होती.

आणखी एक गोष्ट मला खुपायची. गाडी दुकानात आणली की गोमाजी चाब्यांच्या जुडग्यातून गाडीची तेवढी चाबी नखानं सोडवायचे, ती माझ्या हातावर ठेवायचे आणि बाकीचा जुडगा बंडीच्या खिशात घालून वरून हात ठेवायचे. माझ्यासमोर! सव्वीस वर्षांत माझ्या दुकानातून कोणाचा एक नट हरवला नाही, आणि हा माणूस घराच्या चाब्या माझ्यापासून लपवतो. मला राग यायचा, म्हणून मी तिकडे पाहायचोच नाही. आजही त्यांनी तेच केलं. मी अंगणात पाय ठेवला तशी एकटी चाबी काढून दिली. मी तोंड फिरवून ती घेतली.

पण आज राग धरून निघून जायची सोय नव्हती. ओसरीवर त्यांची लेक खुशबू खुर्चीत बसली होती, नववा महिना लागलेला, पाय सुजलेले. शेजारी तिची बॅग भरून ठेवलेली. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून गोमाजींनी तिला सातव्या महिन्यात आणलं होतं. तिच्या सासूला तेव्हाच ते पटलं नव्हतं. घरात माय नाही, बाप एकटा, दवाखाना तुमसरला. गोमाजींनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, दारात गाडी आहे, तुम्ही फिकर करू नका.

आणि मागच्या मंगळवारी त्याच गाडीनं दगा दिला होता. तुमसरच्या दवाखान्यात तपासणी झाली, बाहेर आले तर गाडी सुरूच होईना. चार लोक ढकलायला आले. खुशबूनंही मागून हात लावला. नवव्या महिन्यातली बाई भर रस्त्यात गाडी ढकलते, हे वरठीच्या, तिच्या सासरगावच्या, कोणीतरी पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत सासूच्या कानावर गेलं. झालं! आज दोन वाजता जावई मंगेश भाड्याची गाडी घेऊन तिला न्यायला येणार होता.

"काका," खुशबू ओसरीवरून म्हणाली, "आज जर नाही सापडलं ना, तर मले जावं लागते. बाबा तोंडानं काही म्हनत नाहीत. रातभर अंगनात चकरा मारून राहिले."

"तू कायले बोलून राहिली वं," गोमाजी म्हणाले. "मिस्त्रीले काम करू दे."

मी बॉनेट उघडलं. सेल्फला जाणाऱ्या वायरीवर टेस्ट लॅम्प लावला. हा म्हणजे एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी. करंट आला की पेटतो, नाही आला की नाही. माझ्या धंद्यात खोटं न बोलणारा हा एकच साथीदार.

"गोमाजी, आता तुम्ही बसा," मी म्हणालो. "रोज जसे बसता तसेच बसा. मी इथून पाहतो."

गोमाजी बसले. बॉनेट वर असल्यामुळे मला ते दिसत नव्हते. "फिरवू?" त्यांनी विचारलं. "फिरवा," मी म्हणालो.

बल्ब पेटला नाही. सेल्फही हलला नाही.

खरं सांगतो, मला इतका आनंद झाला की मी ओरडलोच. "सोडू नका! चाबी तशीच फिरवून धरा! हात हलवाल तर पाहा!" बिघाड अखेर माझ्यासमोर उघडा पडला होता. बॅटरी चांगली, वायर चांगली, सेल्फ चांगला, आणि तरी चाबीकडून करंट येत नव्हता. म्हणजे चोर चाबीपाशी होता. मी धावत दाराशी गेलो आणि खिडकीतून आत वाकलो.

गाडीच्या चाबीला खाली पुरा जुडगा लटकत होता. गोमाजींनी गाडीत बसताना ती चाबी पुन्हा त्यात अडकवली होती, रोजच्यासारखी. कोठीच्या कुलपाची वीतभर लोखंडी चाबी, कपाटाची, पेटीची, मागच्या दाराची, अशा दहा-अकरा चाब्या, आणि सगळ्यांना धरून असलेला बायकांच्या कमरेचा चांदीचा जाड छल्ला. पाव किलोपेक्षा कमी नसेल. एवढं ओझं त्या एवढ्याशा स्विचला खाली ओढत होतं.

मी जुडग्याखाली बोट घातलं आणि तो अलगद वर उचलला.

इंजिन सुरू झालं.

"बंद करा. पुन्हा फिरवा." बोट काढलं, काही नाही. बोट लावलं, सुरू. तीनदा केलं. चौथ्यांदा खुशबू ओसरीवरून उठून आली आणि तिनं स्वतः बोट लावून पाहिलं. गाडी सुरू झाली तशी ती हसायलाच लागली, पोट धरून.

"बाप्पा बाप्पा! मायनं अडवून ठेवली होती गाडी!"

गोमाजी हसले नाहीत. स्टिअरिंगवरचा हात काढून त्या जुडग्यावरून फिरवला. मग म्हणाले, "तिच्या चाब्या हायेत जी."

गोमाजींच्या बायकोला, सुलोचनाबाईंना, जाऊन पौषात दोन वर्षं झाली होती. मी त्यांना पाहिलं होतं, कमरेला हा छल्ला खोचून फिरायच्या. "घरात कुठं हाये ते आवाजानं समजे," गोमाजी सांगत होते. "कोठीत गेली का कोठीत वाजे, विहिरीवर गेली का तिकडं वाजे. मले बलावाचं असलं का हाक नाही मारे, छल्लाच वाजवे. ती गेली अन् घर मुकं झालं पाहा. चाब्या खुंटीवर टांगल्या तर वाजत नाहीत. म्हनून गाडीले लावल्या. गाडी चालली का वाजतात."

जे दोन महिने आत खदखदत होतं तेच तोंडातून निघालं. "मंग माझ्या दुकानात येऊन काहून काढून ठेवत होते? मी काय चोर हाये?"

गोमाजी गाडीतून खाली उतरले. "चोर? राम राम! तुमच्या हाताले ग्रीस राहते ना जी, काळं ऑइल राहते. त्या छल्ल्याले लागलं असतं. ती लय साफ ठेवे."

लाज वाटली मला. दोन महिने मी रागानं तोंड फिरवलं होतं, आणि तेवढ्याच वेळात बिघाड माझ्या डोळ्यांसमोरून त्यांच्या खिशात जात होता. एकदा सरळ पाहिलं असतं, एकदा नीट विचारलं असतं, तर त्या लेकीला भर रस्त्यात गाडी ढकलावी लागली नसती. हे मी तिथंच मोठ्यानं बोलून टाकलं. गोमाजी म्हणाले, "जाऊ द्या जी, मी तरी कुठं सांगितलं." एवढ्यावर त्यांनी तो विषय मिटवला.

मी फटफटीवर दुकानात जाऊन नवा स्विच घेऊन आलो. जुना खोलला तर आतली तांब्याची पाती एका बाजूनं झिजून सुरीसारखी झाली होती. पाऊण तासात नवा बसवला, चाबी तीच राहिली. शेवटचा स्क्रू आवळतो तोच दारात भाड्याची गाडी थांबली आणि मंगेश उतरला.

मंगेश वाईट मुलगा नाही. वरठीला कारखान्यात कामाला आहे, कमी बोलतो. पण घाबरलेला माणूस जसा ताठ उभा राहतो तसा उभा होता. "बाबूजी, मायनं सांगितलं, घेऊनच ये म्हनून," त्यानं आल्या आल्या सांगून टाकलं, म्हणजे मग विचार बदलायला नको.

"जवाईबापू, आधी एकडाव चाबी फिरवून पाहा," गोमाजी म्हणाले.

त्यानं फिरवली. एकदा नाही, पंचवीस वेळा. इंजिन तापलं तेव्हा फिरवली, मग जेवायला बसला आणि थंड झाल्यावर येऊन पुन्हा फिरवली. मग मला बाजूला घेतलं. "भाऊ, तुम्ही तीनदा दुरुस्त केली म्हनते खुशबू. आता चौथ्यांदा काय भरोसा?"

प्रश्न रास्त होता. दुसऱ्या कोणी विचारला असता तर मी भांडलो असतो.

"तीनदा मी अंदाजानं केलं," मी म्हणालो. "आज बिघाड डोळ्यानं पाहिला, बोटानं धरला. मोकळी एकटी चाबी लावा, गाडी अडत नाही. तरी पोट्टी बाळंत होईपर्यंत रोज सकाळी येऊन मी स्वतः चालू करून पाहीन. नाही झाली तर माझ्या दुकानाचा बोर्ड काढून घेऊन जा."

त्यानं खुशबूकडे पाहिलं. ती म्हणाली, "मले इथंच राहाचं हाये." त्यानं अंगणाच्या टोकाला जाऊन आईला फोन लावला. बराच वेळ ऐकत होता. शेवटी म्हणाला, "नाही माय, मी पाहिली ना. राहू दे तिले." आणि भाड्याच्या गाडीवाल्याला हातानं खूण केली की आपण दोघंच जाऊ.

गोमाजींनी मोठा श्वास सोडला, इतका मोठा की मलाही हलकं वाटलं. ओसरीवरची भरलेली बॅग त्यांनी स्वतः उचलून आत नेऊन ठेवली.

पुढं नवव्या दिवशी ती गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली आणि वेळेवर तुमसरला पोचली, माय-लेकरू दोघं सुखरूप आहेत. पण माझ्या मनात राहिला आहे तो याच दिवसाचा शेवट.

मंगेश गेला. गोमाजींनी छल्ल्यातून गाडीची चाबी सोडवली, नखानं, सावकाश, आणि ती बंडीच्या खिशात टाकली. जुडगा तळहातावर धरून बंडीच्या कडेनं छल्ला पुसला. मग खुशबूच्या हातात दिला. "ठेव तुझ्यापाशी. कोठीतले तांदूळ काढाचे हायेत." तिनं तो ओढणीच्या टोकाला बांधला आणि आत गेली.

आम्ही दोघं ओसरीवर चहाची वाट पाहत बसलो. गोमाजींचा हात दोन-तीनदा खिशाकडे गेला, एकटी चाबी चाचपून परत आला. पाण्याचं, धानाचं, असंच काहीबाही बोलत होतो आम्ही.

तेवढ्यात आत, कोठीच्या बाजूला, छल्ला वाजला.

गोमाजी बोलता बोलता थांबले. गुडघ्यावर हात टेकून अर्धे उठले आणि आतल्या दाराकडे पाहून म्हणाले, "आलो, आलो."

आतून कोणी हाक मारली नव्हती.