बाविसावं घुबड

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा लागला की शाळेतून यादी घरी येते. यादीत वर्गातल्या बावीस मुलांची नावं असतात आणि खाली ठळक अक्षरात एक ओळ: व्हॅलेंटाइनचं कार्ड द्यायचं तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. कुणाचं मन दुखावू नये म्हणून केलेला हा नियम ब्रेना होल्टग्रेनला मनापासून मान्य होता. नियम पाळला की पुढे विचार करावा लागत नाही, ही सोय तिला विशेष आवडायची.

तिनं आपल्या एमेटचं नाव खोडलं. राहिली एकवीस. गावात दुकान एकच, त्यामुळे कार्डांचा डबाही घरोघरी एकच: चोवीस कार्डं, प्रत्येकावर एक प्राणी, आणि लॉलीपॉप खोचायला एक चीर.

कार्डं वाटणं दिसतं तितकं सोपं नाही. 'तू माझी' म्हणणारं अस्वल मुलीला द्यायचं नाही. मागच्या वर्षी एका मुलीच्या वडिलांचा फोन आला होता. 'तू किती गोड' म्हणणारी मधमाशी हॉकीच्या संघातल्या मुलाला द्यायची नाही. "ग्रेडीला मधमाशी दिलीस तर मी उद्या आजारी आहे," एमेटनं आधीच जाहीर केलं. वय वर्षं आठ. पण कुणाला काय दिलं म्हणजे काय अर्थ निघतो, हे त्याला वकिलापेक्षा चांगलं कळत होतं.

डब्यातले बाकीचे प्राणी दोन-दोन, तीन-तीन होते. घुबड मात्र एकच. करड्या रंगाचं, डोळ्यांना चंदेरी वर्ख, आणि खाली दोन शब्द: 'शाळेत भेटू.' त्यात प्रेम नव्हतं, मैत्री नव्हती, थट्टासुद्धा नव्हती. कार्ड कसंही फिरवलं तरी ते आपल्याकडेच बघतंय असं वाटे. ब्रेनानं ते दोनदा पालथं घातलं.

"ट्वायला?" ती म्हणाली.

"ट्वायला," एमेट म्हणाला.

मायलेकांचं इतक्या पटकन एकमत त्या घरात क्वचितच व्हायचं. ट्वायला ऑक्टोबरात वर्गात आली होती. बोलायची कमी, बघायची जास्त. तिच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं, आणि जास्त कुणी विचारलंही नव्हतं. घुबडाच्या चिरेत एमेटनं अननसाचा पांढरा लॉलीपॉप खोचला. पांढऱ्याला कुणी हात लावत नाही.

तीन कार्डं उरली. ती चांगली होती, म्हणून ब्रेनानं खणात जपून ठेवली. ऐन वेळी कुणी महत्त्वाचं आठवलं तर असावीत.

चौदा तारखेला दुपारी वर्गात पार्टी होती आणि गुलाबी सरबत ओतायची पाळी ब्रेनाची होती. प्रत्येक बाकावर कार्डं टाकायला मुलांनी सजवलेलं बुटांचं खोकं होतं. ट्वायलाचं खोकं सगळ्यांत सुबक होतं: कापूस चिकटवून केलेलं बर्फाचं घर, त्याला निळ्या कागदाची खिडकी. बाहेर पुन्हा बर्फ पडायला लागलं होतं.

खोकी उघडली आणि एकच कालवा झाला. ट्वायला तेवढी सावकाश, एकेक कार्ड काढून बाकावर ओळीत मांडत होती. घुबड. त्याच्या शेजारी घुबड. मग घुबड. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं; पत्ते लावणाऱ्या माणसासारखी ती शांतपणे मांडत होती. एक ओळ संपली, तिनं दुसरी सुरू केली. प्रत्येक चिरेत तोच पांढरा लॉलीपॉप.

ढगानं वर्गात अंधारून आलं. कुणीतरी दिवे लावले, आणि बाकावरचे सगळे चंदेरी डोळे एकदम उघडले.

पेला भरून सरबत टेबलावर सांडलं तेव्हा ब्रेना भानावर आली. तिनं डोळ्यांनीच घुबडं मोजली. बावीस. पुन्हा मोजली. बावीसच. वर्गात ट्वायला सोडून मुलं एकवीस. मग हे एक जास्तीचं कुणाचं?

मदतीला मिसेस ऑडेगार्ड आल्या होत्या. एकोणचाळीस वर्षं त्याच शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. ब्रेनाही त्यांच्याच हाताखालून गेलेली. फडकं घेऊन त्या टेबल पुसायला आल्या तेव्हा ब्रेना हळूच म्हणाली, "हे बघितलंत? पोरांनी मिळून कट केलाय."

"कट केला असता तर बरं झालं असतं," मिसेस ऑडेगार्ड म्हणाल्या. "कट करायला एकमेकांशी बोलावं लागतं. मग कुणीतरी 'नको' म्हणतं. इथे कुणी कुणाला फोनसुद्धा केला नाही. आपापल्या स्वयंपाकघरात बसून सगळ्यांनी वेगवेगळं तेच केलं."

"पण नियम तर पाळला ना सगळ्यांनी?"

"तंतोतंत. दरवर्षीच पाळतात. प्राणी तेवढा बदलतो. मागच्या खेपेला वटवाघूळ होतं." त्यांनी फडकं पिळलं. "तू आठ वर्षांची होतीस तेव्हा कासव होतं. आठवतं, कुणाला दिलंस?"

ब्रेनाला कासव आठवलं. हिरवं, टोपी घातलेलं. ज्याला दिलं त्याचं नाव काही केल्या आठवेना.

"एमेटला चांगलीच समज देते," ती कशीबशी म्हणाली.

"त्याला कुणी सांगून शिकवलेलं नाही, ब्रेना. त्यानं बघितलंय. तुझा हात कुठे वळतो, कुठे अडतो, हे पोरं बघत असतात. समज द्यायचीच तर त्या हाताला दे."

तो हात सरबतानं चिकट झाला होता. ब्रेनानं पुसला, ट्वायलाच्या बाकापाशी गेली आणि उगाच हसून विचारलं, कुणाकुणाची आली म्हणून. ट्वायलानं शेवटचं घुबड उलटून तिच्या हातात दिलं. मागे वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ट्वायलाला, ट्वायलाकडून.

"हे माझं," ती म्हणाली. "माझ्याही डब्यात एक होतं. ते ट्वायलाला द्यायचं असतं ना?"

रडत नव्हती. खरंच विचारत होती!

ब्रेनानं घुबड पुन्हा ओळीत ठेवलं. घरी एमेटनं आपलं खोकं पालथं केलं. त्यात ट्वायलाचं कार्डही होतं: 'तुझ्यासारखं कुणी नाही' म्हणणारा कोल्हा, लाल लॉलीपॉप, आणि मागे लिहिलेलं, 'तू शिट्टी छान वाजवतोस.' डब्यातलं सगळ्यांत चांगलं कार्ड. एमेटनं लॉलीपॉप काढला, थोडा वेळ बघितला आणि पुन्हा खोचून ठेवला.

ब्रेनानं खणातली तीन कार्डं बाहेर काढली, एक त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "ट्वायलाला लिही."

"काय लिहू?"

खरंच, काय लिहायचं? ऑक्टोबरापासून जी मुलगी त्याच्यापासून दोन बाकं सोडून बसत होती, तिच्याबद्दल लिहिण्यासारखी एक ओळ त्या घरात नव्हती. शेवटी कार्ड कोरंच टेबलावर राहिलं.

दुसऱ्या दिवशी एमेट बूट न काढताच आत आला. "तिच्याकडे आंधळा कुत्रा आहे. नाव महापौर. तो फक्त टोस्ट खातो. पेन कुठाय?"

वर्षभरानं पुन्हा यादी आली, पुन्हा डबा आला. या वर्षी एकटं साळिंदर होतं: 'बरंय मग.' तोवर एमेट आणि ट्वायला महापौराला गाडीला जुंपायच्या बेतापर्यंत पोचले होते. ब्रेना निर्धास्तपणे कार्डं लावत होती, आणि तिनं पाहिलं की तिच्या हातानं साळिंदर उचललंय; हात यादीत खाली, एका नव्या नावाकडे निघालाय. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला वाट पाठ होती.

"आई," एमेट म्हणाला, "त्या मुलाबद्दल एक गोष्ट सांग."

तिनं साळिंदर खाली ठेवलं.

तेव्हा वाचकहो, यादीतल्या प्रत्येक नावावर खूण केली म्हणजे न्याय झाला, असं समजू नका. न्यायाला नाव पुरतं. प्रेमाला निदान एक गोष्ट तरी ठाऊक असावी लागते. तुमच्या-आमच्या घरीही एक घुबड कुणासाठी तरी काढून ठेवलेलं असतं. ते कुणाला द्यायचं, हे आपण कधीच ठरवत नाही. म्हणूनच एकदा आपल्या हाताकडे नीट बघावं. तो आताही कुठेतरी निघालेला असेल.