आधी चेहऱ्यावरून

"रॉड रिकामाच घ्या," दीनानाथ सर म्हणाले.

प्रज्ञेशने आजूबाजूला बघितलं. कॉलेजची पोरं दोन्ही बाजूंना प्लेटा चढवून हुंकार देत होती आणि मधूनच आरशात आपापले दंड तपासत होती. कर्वेनगरातल्या त्या तळघरात तीन भिंतींना आरसे होते. कुठेही तोंड केलं तरी नवा टी-शर्ट पोटावर ताणलेला एक माणूस समोर दिसायचाच.

"रिकामा? अहो, मी काही म्हातारा नाही."

"पण व्हायचंय ना म्हातारं? मग आज रिकामाच."

दीनानाथ सर पासष्टीचे होते. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि डोळ्यांवर जाड काचेचा जुना चष्मा. त्यांनी प्रज्ञेशच्या पाठीवर दोन बोटं ठेवली. "कणा सरळ ठेवा. खाली बसताना श्वास आत, उठताना बाहेर. गुडघा दुखला, छातीत काही वाटलं तर थांबायचं. इथे कुणाला शौर्यपदक देत नाहीत."

प्रज्ञेश हिंजवडीला एका कंपनीत होता. अमेरिकेतल्या विम्याच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम. दिवसभर खुर्ची, संध्याकाळी पुन्हा बसमधली खुर्ची. त्या वर्षी कंपनीने सगळ्यांची तपासणी केली आणि याची साखर अगदी काठावर निघाली. डॉक्टरांनी वजन थोडं उतरवा आणि स्नायू कमवा, एवढंच सांगितलं होतं. बायको अक्षताने त्याच आठवड्यात ही जिम शोधून काढली.

"पोट कधी जाईल, सर?" पहिल्या दिवशी त्याने विचारलं.

"ते तुमच्या हातात नाही. चरबी शरीराला वाटेल तिथून जाते. कुणाची कमरेवरून जाते, कुणाची मांड्यांवरून." सरांनी त्याच्या भरलेल्या गालांकडे निरखून बघितलं. "तुमची आधी चेहऱ्यावरून जाईल."

सर सांगत गेले तसं तो करत गेला. एक दिवस वजनं, एक दिवस नुसतं झपाझप चालणं, मग विश्रांती. उपास करायचा नाही. मोडाची उसळ, अंडी, पिठलं, मूठभर शेंगदाणे. पोरं डब्यातून आणायची ती प्रोटीनची पावडर सरांनी त्याला घेऊ दिली नाही. "महिन्याला दोन किलो उतरलं तर मला सांगायला या. पाच उतरलं तर डॉक्टरांकडे जा," ते म्हणाले.

उतरलं ते दोन-दोन किलोंनीच. पावसाळा संपेपर्यंत रॉडला छोट्या प्लेटा लागल्या. जिना चढताना दम लागेनासा झाला. दंडात काहीतरी घट्ट, आपलं असं जाणवायला लागलं. पोट अजून होतंच. पण गाल बसले, गालांची हाडं वर आली, जबड्याला कड फुटली. आरशातल्या त्या चेहऱ्याकडे बघताना प्रज्ञेशला आनंद व्हायचा, आणि कधीकधी थोडं परकंही वाटायचं. एखाद्या घरात आपण वर्षानुवर्षं राहावं आणि भिंतीमागे आणखी एक खोली निघावी, तसं.

दिवाळीनंतर येरवड्याला एका नातेवाइकाचं लग्न होतं. मंगल कार्यालयात बायडाबाई बसली होती. ताडीवाला रोडच्या वस्तीत प्रज्ञेशचं कुटुंब राहायचं तेव्हाची ही शेजारीण. आता ऐंशीच्या पुढची. प्रज्ञेश वाकून म्हणाला, "जय भीम, आजी. ओळखलं का?"

बायडाबाईने मान वर केली. तिच्या हातातल्या द्रोणातली बुंदी तशीच राहिली. बराच वेळ ती बघत होती. मग अगदी हळू आवाजात, कुणी ऐकू नये अशी म्हणाली,

"कवा आलास?"

"आत्ताच. आईला घेऊन आलोय."

"शैलाला ठावं हाय?"

"आईला? काय ठाऊक असायचंय?"

तिने हात पुढे करून त्याच्या मनगटाला एका बोटाने स्पर्श केला, तव्याला लावून बघावं तसं, आणि पटकन मागे घेतला. म्हातारपण, प्रज्ञेश मनाशी म्हणाला. पण जेवताना त्याने पाहिलं, ती दूरच्या पंगतीतून त्याच्याकडेच बघत होती आणि जेवत नव्हती.

घरी अक्षताच्या वेगळंच लक्षात आलं होतं.

"आई तुझ्याकडे बघतच नाहीत हल्ली."

"काहीतरीच काय!"

"खरंच. तू हॉलमध्ये आलास की त्या आत जातात. वाढताना पदर डोक्यावर घेतात. माझ्यासमोर कधी घेतला नाही त्यांनी पदर, आणि तुझ्यासमोर?"

प्रज्ञेशने मग लक्ष ठेवलं. खरंच होतं. शैलाबाईंनी महापालिकेच्या दवाखान्यात आया म्हणून नोकरी केली होती. रक्त, बाळंतपणं, मृत्यू सगळं त्यांनी सरळ नजरेने पाहिलेलं. त्या बाईची नजर आता मुलाच्या छातीपर्यंत यायची आणि थांबायची. मधूनच पोळीवर तुपाचा गोळा पडायचा. डब्यात न मागता शिरा निघायचा.

"आई, मला गोड नको आहे."

"गालफडं बसली तुझी. पुरे झाली ती जिम."

"साखर खाली आली माझी. डॉक्टर खूश आहेत."

"डॉक्टरला काय होतंय," त्या ताटाकडे बघत म्हणाल्या.

त्याच सुमारास एकदा दीनानाथ सर म्हणाले, "काल पुलाशी मी हाक मारली तुम्हाला. बघितलंसुद्धा नाहीत. आता अंग कमावल्यावर माणसं ओळखत नाही वाटतं?"

"काल? काल मी दिवसभर कंपनीत होतो."

"सकाळी लवकर. सायकलवर होतात. चांगली सवय आहे, सोडू नका."

"सर, माझ्याकडे सायकल नाही."

सरांनी चष्मा काढून शर्टाने पुसला. "मग दुसरं कुणी असेल," ते म्हणाले. त्यांचा चष्मा जुना होता, त्यामुळे प्रज्ञेशनेही ते सोडून दिलं. पण त्या दिवशी तीन आरशांच्या मधोमध उभं राहणं त्याला जड गेलं. समोरच्या आरशात त्याची पाठ दिसत होती, त्या पाठीपलीकडे पुन्हा तोंड, मग पुन्हा पाठ. लांबवरच्या तोंडांतलं एक तोंड मान वळवायला जरा उशीर करतंय असं त्याला वाटलं. त्याने वजन खाली ठेवलं आणि लवकर निघाला.

थंडीचे दिवस होते. घराची किल्ली तो विसरला होता, म्हणून बेल वाजवली. अंगात घामाने भिजलेला साधा बनियन, टी-शर्ट खांद्यावर, ओले केस हाताने मागे सारलेले. शैलाबाईंनी दार उघडलं.

या वेळी त्यांनी सरळ चेहऱ्याकडे बघितलं.

जिन्यातला उजेड त्याच्या पाठीमागून येत होता. त्या दाराला धरून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज निघाला तो प्रज्ञेशने चौतीस वर्षांत ऐकलेला नव्हता. पातळ, लाजरा, एका तरुण बाईचा आवाज.

"अहो, डबा राहिला होता तुमचा," त्या म्हणाल्या. "मी कोपऱ्यापर्यंत धावले."

प्रज्ञेशच्या पाठीवरचा घाम एकदम गार झाला. आपण 'आई' म्हणावं, असं त्याला वाटत होतं. पण आपण काय बोललो तर ही बाई कोसळेल, आणि काय बोललो तर कोसळणार नाही, ते त्याला कळेना.

"उशीर होत होता," शेवटी तो म्हणाला.

शैलाबाईंनी मान हलवली. हे उत्तर त्यांना पुरेसं वाटलं असावं. मग त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आत ये, प्रज्ञेश. गारठशील."

स्वयंपाकघरातल्या ओट्याशी त्या खाली बसल्या. अक्षताने पाणी दिलं. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "मला वेड लागलेलं नाही. तू कोण आहेस ते मला ठाऊक आहे. डोळ्यांना ठाऊक नाही, एवढंच."

प्रज्ञेशला वडील गेल्याचं माहीत होतं, पण ते कसे ते कधी नीट सांगितलं गेलं नव्हतं. ते शैलाबाईंनी आता सांगितलं. पोपट हे त्यांचं नाव. पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर. प्रज्ञेश रांगत होता तेव्हा एका सकाळी ते पहिल्या पाळीसाठी सायकलवरून निघाले आणि कारखान्यात पोचलेच नाहीत. चौकीत जाऊन झालं, ससूनला जाऊन झालं, नदीकाठ धुंडाळून झाला. माणूस नाही आणि सायकलही नाही. लोक म्हणाले पळून गेला, दुसरी केली. शैलाबाई कामाला लागल्या आणि बोलायच्या थांबल्या.

सायकल हा शब्द ऐकून प्रज्ञेशने अक्षताकडे बघितलं. तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. सरांनी पुलाशी कुणाला पाहिलं, ते त्याने त्या दिवशीही सांगितलं नाही आणि नंतरही नाही.

"जिम सोडतो मी, आई," तो म्हणाला. "पुन्हा होईन जाडा."

"गप बस. साखर वाढवून घेणार आहेस का?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तुझी भीती नाही वाटत मला. लाज वाटते."

"लाज कसली?"

"सगळे म्हणायचे, शैला, तो गेला असं समज, त्याचं पुण्यानुमोदन करून टाक. किती वर्षं वाट बघशील? मी नाही म्हणायचे. लोकांना वाटायचं, केवढी निष्ठा!" त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मी चेहरा विसरले होते रे. तू शाळेत जायला लागलास तोवरच विसरले. हात आठवायचे, चालणं आठवायचं, शर्ट आठवायचा. वर काहीच नाही. फोटो एकसुद्धा नव्हता. ज्याचा चेहरा आठवत नाही त्या माणसाला निरोप कसा द्यायचा? कुणाला सांगायचं हे?"

कुकरची शिट्टी झाली. अक्षताने उठून गॅस बारीक केला.

"आणि आता तुझ्या तोंडावर रोज थोडा थोडा यायला लागला. आधी जबडा. मग डोळ्यांखालचं हाड. मी पदर घेऊन बघत होते. वाटायचं, पुरता येऊ दे. आणि वाटायचं, येऊच नये." त्यांनी मुलाच्या गालाला हात लावला. "आज पुरता आला. आता जाऊ दे त्यांना."

दुसऱ्या दिवशी त्या प्रज्ञेशला घेऊन लक्ष्मी रोडला एका स्टुडिओत गेल्या. पांढरा सुती शर्ट घरून आणला होता. त्यांनी स्वतः त्याचे केस तेल लावून मागे वळवले. वरचं बटण लावलं, पुन्हा काढलं. "हसू नको," त्या म्हणाल्या. "ते फोटोत हसले नसते." फोटोग्राफर पोराने कॉम्प्युटरवर रंग काढून टाकला आणि चित्र काळं-पांढरं केलं. पडद्यावर बघून शैलाबाई म्हणाल्या, "हेच."

रविवारी पुण्यानुमोदनासाठी घरी भन्ते आले. हॉलमधल्या खुर्च्या बाहेर काढल्या होत्या, सतरंज्या अंथरल्या होत्या. भिंतीपाशी पांढरं कापड टाकून बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर मांडली होती, आणि त्यांच्या खालच्या बाजूला, मोगऱ्याचा हार घातलेला, हा फोटो. ताडीवाला रोडचे जुने लोक आले. एकेक जण पुढे जाऊन मेणबत्ती लावत होता, फूल वाहत होता आणि वळताना प्रज्ञेशसमोर येऊन थबकत होता. बायडाबाई तर फोटोसमोर बसून मोठ्याने रडली आणि उठल्यावर प्रज्ञेशला दूरचा वळसा घालून भिंतीला टेकली.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. भन्ते म्हणाले, "घरातल्यांपैकी कुणी फूल वाहायचं राहिलं आहे का?"

प्रज्ञेश मागे खिरीच्या वाट्या मांडत होता. तो पुढे आला. फोटोसमोर गुडघे टेकले. मेणबत्त्यांच्या उजेडात फोटोची काच चमकत होती आणि तिच्यात त्याचा चेहरा पडला होता. खालचा चेहरा आणि वरचा चेहरा एकमेकांवर बसत होते, फक्त डोळे जरासे सरकलेले राहत होते. त्याने मान थोडी हलवून ते जुळवायचा प्रयत्न केला. जुळेनात. त्याचे हात जोडले जाईनात.

मागून शैलाबाई आल्या. पांढरी साडी, डोक्यावर पदर नाही. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"वंदन कर," त्या म्हणाल्या. "वडील आहेत तुझे."