रंगाखाली मिटलेली खिडकी

मी एक जुनी लाकडी खिडकी आहे. एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत, मागच्या बोळाकडे तोंड करून मी उभी आहे. मित्रांनो, खिडकीला पाय नसतात. समोरून जे गेले आणि आतून जे ऐकू आले, तेवढेच तिचे आयुष्य. पण माझ्या वाट्याला आले ते काही थोडे नाही, म्हणून आज सांगावेसे वाटते.

मला घडवले एका अबोल सुताराने. चौकटीत बसवल्यावर त्याने माझ्या झडपा पुन्हा पुन्हा उघडून मिटून पाहिल्या. एका बोटाने ढकलली तरी खिडकी उघडली पाहिजे, असा त्याचा हट्ट होता. समोरच्या भिंतीत, दाराच्या वर, त्याने एक छोटासा झरोका बसवला. ती माझी धाकटी बहीण. बोळात दिवसभर सावली असायची. तिथला गारवा मी आत घ्यायची आणि वर तरंगणारी गरम हवा बहीण बाहेर घालवायची. आम्ही दोघी कधी बोललो नाही, पण एकमेकींच्या भरवशावर आमचे काम चालायचे.

घर बांधणाऱ्याचा मुलगा याच खोलीत वाढला. माझी चौकट धरून त्याने पाढे पाठ केले, आजारपणात माझ्याशेजारी खाट टाकून घेतली. पुढे तो मोठा झाला, घराचा मालक झाला, दुसरीकडे राहायला गेला आणि आम्ही भाड्याच्या झालो.

आता भाड्याच्या घराची एक रीत सांगते. एक भाडेकरू गेला की दुसरा यायच्या आत घराला रंगाचा एक हात द्यायचा. मालक भारी हौशी. घर कसे नवे कोरे दिसले पाहिजे, असे ते म्हणत. रंगारी यायचे ते घाईत. मी मिटलेली असतानाच चौकट, झडपा, कडी, बिजागऱ्या, सगळ्यांवरून ब्रश फिरवून ते मोकळे व्हायचे. पहिल्या वेळी मलाही नटल्यासारखे वाटले, खोटे कशाला बोलू! पण तो तेलरंग फटीत उतरला आणि तिथेच वाळला. पांढऱ्यावर पिस्ता चढला, पिस्त्यावर मलई. आधी मी करकरत उघडायची, मग धक्का दिल्यावर उघडायची, आणि एके वर्षी उघडेचना. बहिणीचीही तीच गत झाली. ही खिडकी नुसती शोभेची, असे नवे भाडेकरू समजून चालले. भिंतीला खिळा मारायची बंदी होती, म्हणून एकाने माझ्या कडीला कॅलेंडर अडकवले.

मग एक शिवणकाम करणारी बाई राहायला आली. तिचा नवरा मालवाहू गाडीवर असायचा, आज इथे तर उद्या तिथे. घरात खऱ्या अर्थाने दोघीच, ती आणि तिच्या सासूबाई. सून मशीनवर बसायची, सासूबाई बटणे लावायच्या आणि तोंडाने सगळ्या जगाला टाके घालायच्या. दोघींचे सूत चांगले जुळले होते. पण वरच्या स्लॅबने खोली अशी तापायची की छताचा पंखा गरम हवाच खाली ढकलायचा. मग मशीनजवळ दुसरा पंखा आला. सकाळपासून दोन्ही गरगरत, आणि त्यांच्याबरोबर विजेचा मीटरही.

मालक संध्याकाळच्या फिरण्यावरून परतताना डोकावायचे. तेव्हा ऊन उतरलेले असे. तक्रार ऐकून ते हसायचे आणि दरवेळी एकच सांगायचे, की ही खोली म्हणजे घरातली सगळ्यांत गार खोली, आपण इथेच वाढलो.

सासूबाई एकदा म्हणाल्या, "तुमच्या लहानपणी सूर्य रजेवर असेल."

त्या उन्हाळ्यात एका दुपारी सासूबाई बटण लावता लावता बसल्या जागी कलंडल्या. डॉक्टरांनी बजावले, यांना असल्या उकाड्यात ठेवू नका. त्यांना लांबच्या गावी थोरल्या मुलाकडे पाठवायचे ठरले. सासूबाई नको म्हणाल्या नाहीत. कपड्यांच्या घड्या घालताना एवढेच बोलल्या, "मी काय, सामानच. इथून उचललं, तिथे ठेवलं."

सुनेला ते लागले. तिने मालकांना निरोप धाडला की आम्हाला एसी बसवू द्या, बिलाचे आम्ही कसेही बघू. मालक मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, खुशाल बसवा, ती खिडकी काढून टाकू, तिच्या जागी यंत्र नीट बसेल. गवंड्यालाही सांगून झाले. माझे दिवस भरले होते, मित्रांनो. कोणाचाच राग नव्हता. फक्त जाण्यापूर्वी एकदा उघडावे, एवढे मनात होते.

सुनेने मालकांना गळ घातली. "काका, मापं घ्यायला तुम्हीच या. आणि एकदा भर दुपारी या."

मालक आले. खुर्चीवर बसले. थोड्याच वेळात सदरा पाठीला चिकटला, रुमाल ओला झाला. पाण्याचा पेला त्यांनी एका दमात संपवला.

"रोज एवढं गरम होतं?" त्यांनी विचारले.

"आज त्यातल्या त्यात बरं आहे," सासूबाई म्हणाल्या.

मालक उठले. बहुतेक त्यांना कळलेही नसेल, पण त्यांचे पाय सरळ माझ्याकडे वळले आणि हात न बघताच कडीवर गेला. ती हलली नाही. त्यांनी कॅलेंडर बाजूला केले, दोन झडपांमध्ये नख फिरवले. नखाला फट लागेना.

"इथे फट होती," ते म्हणाले. "उघडी असायची म्हणून गार होतं. मीच रंग देऊन देऊन बंद केली हिला."

सुनेने मशीनच्या खणातून शिवण उसवायचे ब्लेड दिले. मालक रंगावर ते जोराने ओढू लागले, तशी तिने त्यांच्या हातून परत घेतले. "द्या इकडे. उसवणं माझं काम आहे." आणि खरोखरच एखादी शिवण उसवावी तशी हलक्या हाताने तिने ती फट मोकळी केली. मलई, पिस्ता, पांढरा अशा रंगाच्या सालपटांचा खाली ढीग पडला.

"भर उन्हाळ्यात बिचारीवर किती कपडे चढवले होते हो," सासूबाई म्हणाल्या.

मालकांनी खांदा लावला आणि मी उघडले. बोळातला गारवा माझ्याजवळच घुटमळला, कारण त्याला पलीकडे वाट नव्हती. तेव्हा मालकांना झरोका आठवला. स्टुलावर चढून त्यांनी माझ्या बहिणीलाही सोडवले. आणि मग वारा आत आला. जमिनीवरचे दोरे हलले, कापायला ठेवलेले कागदी नमुने उडाले. मांडीवर गाठोडे घेतलेल्या सासूबाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाल्या, "अगं, कागद धर. बोळात जातील."

गवंडी आला, पण मला काढायला नाही. त्याने गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा हात दिला, त्यामुळे स्लॅब कमी तापू लागला. मशीनजवळचा पंखा कपाटावर चढला. मालकांनी ब्लेड घेऊन खालच्या खोल्यांतल्या खिडक्याही मोकळ्या केल्या आणि रंगाऱ्यांना बजावले, खिडक्या उघड्या ठेवून रंगवा, फटीत थेंब जाता कामा नये. सासूबाईंचे गाठोडे सुटले. डॉक्टर पुन्हा येऊन गेले आणि इथेच राहू द्या म्हणाले.

मित्रांनो, मी सगळ्यांची ऋणी आहे. त्या सुताराची, उसवणाऱ्या हातांची, आणि आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगणाऱ्या मालकांचीही. उद्या तुमच्यापैकी कोणी घरमालक झाले, तर घर चकचकीत करण्याआधी त्याला श्वास घेता येतो का, ते पाहा. नवे यंत्र आणण्याआधी, जुने काय मिटून गेले आहे ते शोधा. तिथे राहणाऱ्या माणसांना विचारा, त्यांना ठाऊक असते.

सासूबाई आता माझ्या कठड्यावर कोपर टेकून बटणे लावतात आणि बोळातल्या प्रत्येकाची विचारपूस करतात. त्यांच्या कोपराने तिथला रंग झिजला आहे, खालचे लाकूड दिसू लागले आहे. तेवढी जागा कोणी रंगवू नये, इतकेच माझे मागणे आहे.