शनिवारची दाढी

अनिबालने न्हाणीघरातलं कपाट तिसऱ्यांदा उपसलं. शाम्पूच्या बाटल्या, केसांचे चाप, सुनेची कसली कसली मलमं, सगळं बाहेर काढून फरशीवर मांडलं. गुडघे टेकून मागच्या कोपऱ्यात हात घातला, तेव्हा हाताला एक वाळकं झुरळ लागलं. गुलाबी रेझर काही सापडला नाही.

तो पायांवर कसाबसा उभा राहिला आणि नातीला फोन लावला.

"मिका, तुझा तो रेझर कुठं आहे गं?"

"माझ्याजवळ. मोन्तेविदेओला घेऊन आलेय ना, परीक्षा संपेपर्यंत." मग तिने विचारलं, "आजोबा, तुला काय करायचाय माझा रेझर?"

"काही नाही. असंच, विचारलं."

"थांब, थांब! तरीच म्हटलं, दर आठवड्याला हा बोथट होतो कसा! आजोबा, तू माझ्या रेझरने दाढी करतोस? शी!"

अनिबालने फोन ठेवून दिला. नात ओरडली याचं त्याला वाईट वाटलं नाही. घड्याळात साडेनऊ झाले होते, दहाला बाउतिस्ताच्या दुकानात पोचायचं होतं आणि गालावर आठवड्याची दाढी खुंटासारखी उभी होती, ही खरी पंचाईत होती.

आता कुणी म्हणेल, दाढी करून घ्यायला चाललेल्या माणसाला आधी घरी दाढी कशाला करायची? तर त्याचं असं झालं होतं.

नुएवा पाल्मिराच्या धक्क्याजवळ बाउतिस्ताचं सलून त्रेपन्न वर्षं उभं होतं आणि त्रेपन्न वर्षं दर शनिवारी दहा वाजता अनिबाल त्या खुर्चीत बसत होता. नदीवर बोटी हाकायचा तेव्हाही, निवृत्त झाल्यावरही. इतर गिऱ्हाइकं एकेक करून गेली. काही स्मशानात, काही समोरच्या नव्या दुकानात, जिथं पोरं मशीन फिरवून दाढीला नक्षी काढतात. राहिला एकटा अनिबाल. आणि बाउतिस्ताचे डोळे जायला लागले होते. काचबिंदू. तो कुणाला सांगत नव्हता, पण गेल्या उन्हाळ्यात येर्बाच्या, म्हणजे कडू पानांच्या चहाच्या, तुंब्यात गरम पाणी ओतताना ते उतू जाऊन अनिबालच्या मांडीवर सांडलं, तेव्हाच अनिबाल समजला.

मग एप्रिलात एका शनिवारी त्याने अनिबालला तीन ठिकाणी कापलं. नाकाखाली, हनुवटीवर आणि गळ्याशी. अनिबालने हूं की चूं केलं नाही. पण टॉवेल घडी करताना बाउतिस्ताच्या बोटांना चिकट लागलं. त्याने टॉवेल बाजूला ठेवला. मग म्हणाला, "ग्लादिस बोलावतेय मोन्तेविदेओला. पोरीकडेच जाऊन राहावं म्हणतो. दुकान काय, पुरे झालं आता."

त्या रात्री अनिबालला झोप लागली नाही. बाउतिस्ता गेला तर शनिवारचं काय करायचं, हे त्याला कळेना. बायको गेली तेव्हासुद्धा शनिवार शाबूत होता.

मग त्याला ती युक्ती सुचली. गालावर खुंटच नसले तर वस्तरा अडणार नाही. अडला नाही तर जोर लागणार नाही, आणि जोर लागला नाही तर कापणार नाही. नवा रेझर विकत घ्यायची मात्र सोय नव्हती. गावात रेझर विकणारं दुकान एकच, ते बाउतिस्ताच्या मेव्हणीचं. अनिबालने रेझर घेतला तर दुपारपर्यंत धक्क्यावरच्या कुत्र्यांनासुद्धा कळलं असतं की बाउतिस्ताचं शेवटचं गिऱ्हाईकही सुटलं. म्हणून नातीचा गुलाबी, पाच पात्यांचा रेझर. दर शनिवारी सकाळी कडी लावून तो दाढी उरकायचा आणि हनुवटीवर मफलर ओढून दुकानात जायचा. त्यानंतर एकदाही कापलं नाही. बाउतिस्तानेही ग्लादिसचं नाव काढलं नाही.

आज मफलरची गरज नव्हती. तरी त्याने तो गुंडाळला, थर्मास काखेत मारला आणि निघाला.

नदीवरून गार वारा सुटला होता. सलूनच्या दारावरची घंटी वाजली तसा बाउतिस्ता खुर्ची झटकत म्हणाला, "चार मिनिटं उशीर. नदीत बुडालास की काय?"

"तुला घड्याळ दिसतं वाटतं!" अनिबालच्या तोंडून निघून गेलं आणि त्याने जीभ चावली.

"ऐकू येतं ना. चर्चची घंटा वाजून गेली केव्हाच. बस."

पहिला तुंबा बाउतिस्ताने भरला. हल्ली तो तुंब्याच्या काठावर बोट ठेवून ओतायचा, बोटाला चटका बसला की थांबायचा. अनिबालने नळीतून कडू, गरम घोट घेतला. दाढीच्या आधी एक आणि दाढीनंतर हवे तितके, असा त्यांचा रिवाज. रिकामा तुंबा परत देताना 'ग्रासियास', म्हणजे आभार, असं म्हणायचं नाही, नाहीतर आता पुरे असा अर्थ होतो आणि समोरचा पुढे ओतत नाही. अनिबालने काही न बोलता तुंबा परत दिला आणि मान मागे टाकून डोळे मिटले. या खुर्चीत तो नेहमीच डोळे मिटून बसायचा.

सांगून टाकावं, त्याला वाटलं. आज अंगात कणकण आहे म्हणावं, उठावं, घरी जावं. पण ऊन ऊन टॉवेल तोंडावर पडला, मग ब्रश फिरायला लागला, साबणाचा बदामासारखा वास आला आणि उठायचं राहून गेलं. धारेच्या चामडी पट्ट्यावर, चामोट्यावर, वस्तऱ्याचे आठ-दहा फटके ऐकू आले. थप, थप. मग बाउतिस्ताच्या डाव्या हाताचा अंगठा कानाजवळची कातडी ताणायला पुढे आला आणि तिथेच थांबला.

"हे काय?"

"काय?"

"दाढी आहे तुला."

"माणसाला असतेच की."

"तुला नव्हती. अकरा शनिवार नव्हती."

अनिबालचे कान तापले. समोर आरसा होता तरी डोळे उघडायची त्याला छाती होईना.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. डोळे गेलेत माझे, बोटं नाही गेली. पोराच्या ढुंगणासारखे गुळगुळीत गाल घेऊन येतो आणि म्हणतो, जरा नीट घोटून कर."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू का नाही बोललास?"

काहीतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला, म्हणून अनिबालने शेवटी डोळे उघडले. फळीवर काळ्या मुठीचा वस्तरा पडला होता. तो वस्तरा अनिबालने ओळखला. बाउतिस्ताच्या उस्तादाच्या काळातला, शिकाऊ पोरांना हात बसवायला द्यायचे तो. त्याला धार कधी लावलेलीच नव्हती. त्याने लोणीसुद्धा नीट कापलं नसतं.

"म्हणजे इतके दिवस तू मला हा…"

"मग काय? कोऱ्या गालावर धारेचा वस्तरा लावू? आणि तोही मी? येड लागलंय का मला!"

अनिबालला हसू फुटलं. फेसाचा गोळा छातीवर पडला. अकरा आठवडे एक जण दाढी करून येत होता आणि दुसरा ती न करता करत होता! बाउतिस्ताही हसला, पण त्याचं हसू लवकर ओसरलं.

"बंदच करणार होतो रे," तो म्हणाला. "पण तू एवढा खटाटोप करून यायला लागलास. म्हटलं, याचं मन कसं मोडू?"

अनिबालने खुर्चीच्या दांड्यावरचा बाउतिस्ताचा हात थोपटला.

बाउतिस्ताने चाचपडत खालचा खण उघडला. फलालीनच्या कापडातून शिंगाच्या मुठीचा वस्तरा काढला, उघडला आणि चामोट्यावर फिरवला. हा आवाज वेगळा होता. चामड्यावरून पातं मागेपुढे जाताना शीळ घातल्यासारखं वाजत होतं. गेले कित्येक आठवडे काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं ते हे, अनिबालच्या लक्षात आलं. त्याने आपल्या कानांना दोष दिला होता.

"मंगळवारी ग्लादिस येतेय," बाउतिस्ता वस्तरा फिरवता फिरवता म्हणाला. "गाडी घेऊन. येतोस का नाही ते सांग म्हणते. मी अजून काही कळवलं नाही."

"मग?"

"मग आज खरी दाढी आहे. ही जमली तर मी न्हावी. नाही जमली तर उगाच दुकानाची किल्ली खिशात घेऊन फिरणारा म्हातारा. जाईन मुकाट्याने." त्याने वस्तरा मिटला. "तुला उठायचं असेल तर आत्ताच ऊठ. तोंड पुसून देतो. माझ्या मनात काही येणार नाही, देवाशप्पथ."

अनिबालने आरशात पाहिलं. पांढऱ्या फेसात आपले दोन डोळे, आणि त्यांच्यावर बाउतिस्ताचे निस्तेज झालेले डोळे, कुठेच न बघणारे. त्याला भीती वाटली, खोटं कशाला बोला. गळ्याजवळची शीर ठकठक उडताना त्याला जाणवत होती. एप्रिलातला व्रण अजून तिथेच होता.

"बडबड पुरे," तो म्हणाला. "पाणी निवतंय." आणि त्याने हनुवटी वर केली.

पहिल्यांदाच त्याने या खुर्चीत डोळे उघडे ठेवले, आणि पाहिलं तर बाउतिस्ताने आपले मिटून घेतले होते. डाव्या हाताचं बोट आधी जायचं, गालाचा उंचवटा, जबड्याचं हाड, खळगा सगळं चाचपून बघायचं आणि वस्तरा त्याच्यामागून यायचा. खर्र, खर्र, खर्र. घाई नाही. एका गालाला पूर्वी लागायचा त्याच्या चौपट वेळ लागला. गळ्याशी आल्यावर बाउतिस्ताने श्वास रोखला, म्हणून अनिबालनेही रोखला. वस्तरा वर सरकत गेला आणि व्रणाच्या बाजूने वळून निघून गेला.

अगदी शेवटी, डाव्या कानाखाली, चरचरलं. अनिबालने पापणीसुद्धा हलू दिली नाही.

बाउतिस्ताने गरम टॉवेलने तोंड पुसलं. टॉवेल त्याने चाचपून पाहिला नाही.

"लागलं कुठे?"

"छे. कुठेच नाही."

बाउतिस्ताने फळीवरून तुरटीचा खडा उचलला आणि त्याच्या हातात ठेवला.

"डाव्या कानाखाली लाव. खोटारडा कुठला."

अनिबालने तुरटी लावली. झोंबली. मग त्याने गालावरून उलटा तळवा फिरवला. त्या पाच पात्यांच्या गुलाबी यंत्राला असं कधीच जमलं नव्हतं, पण हे सांगितलं असतं तर म्हातारा डोक्यावर बसला असता.

बाउतिस्ता स्टुलावर बसला. काठावर बोट ठेवून त्याने तुंबा भरला आणि पुढे केला. अनिबालने तो तळाचा घुर्र आवाज येईपर्यंत ओढून संपवला. मग रिकामा तुंबा परत त्याच्या हातात दिला.

बाउतिस्ता थर्मास धरून थांबला. मान किंचित तिरकी करून, कान देऊन. बाहेर धक्क्यावर एक बोट भोंगा वाजवून निघून गेली. अनिबाल 'ग्रासियास' म्हणाला नाही.

तेव्हा बाउतिस्ताने पुन्हा पाणी ओतलं.