यादीत नसलेली नाणी

मी एक जुना गोडेतेलाचा डबा आहे. मित्रांनो, तेल माझ्यात होते ते कधीच संपले आणि त्याच्याबद्दल मला विशेष आठवतही नाही. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते हुबळीत, रेल्वे वर्कशॉपमध्ये नोकरी करणाऱ्या बाळाप्पाअण्णांच्या हातात. सन एकोणीसशे सत्याण्णव. त्यांनी माझे तोंड कापले, कडा आत वळवल्या, वर झाकण डाग देऊन पक्के बसवले आणि त्या झाकणाला एक गोल भोक पाडले.

"अण्णा, एवढं मोठं भोक?" गौतमीने विचारले. "चोर हात घालेल की."

"तूच म्हणालीस ना, मूठ आत गेली पाहिजे म्हणून? आता गेली तर ओरडतेस."

गौतमी नववीत होती. गल्लीतल्या मुलांना अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून विहाराच्या मागची खोली रंगवून तिथे खुर्च्या, टेबले आणि ट्यूबलाइट आणायचे ठरले होते. आमच्या गल्लीत वर्गणी नेहमी दराने असायची, घरटी शंभर. वर्गणीवाले आले की पाच-सहा घरांची दारे आधीच लागलेली असायची. गौतमीला ती दारे पाठ होती. ती सभेत उभी राहिली. मोठ्यांपुढे ती पहिल्यांदाच बोलत होती, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेचना.

"दर नको. किंमत ज्याची त्याने ठरवायची. घराला एक खुर्ची, सगळ्यांना सारखी. कोणी किती दिले ते सांगायचे नाही, विचारायचे नाही. बंद मूठ आत, उघडा हात बाहेर."

म्हणून ते भोक. त्यावर जुन्या लुगड्याचा निळा तुकडा शिवला, म्हणजे आतले दिसू नये. मला विहाराच्या कट्ट्यावर साखळीने बांधले. पत्र्याला काही वाटत नाही असे लोक म्हणतात. ते बरोबरच आहे. पण पत्र्याला वजन कळते, आणि आवाज कळतो.

पहिला महिना बहुतेक लोक नुसते बघून जात. मुले चार आणे, आठ आणे टाकून पळत. पण रोज संध्याकाळी, रविवार सोडून, एक हात यायचा. खरखरीत, फिनेलच्या वासाचा. मूठ तळापर्यंत जायची आणि अलगद उघडायची, आवाज होऊ नये म्हणून. तरी व्हायचाच. दोन रुपयांचे नाणे. तो हात सविताक्कांचा होता. त्या कोप्पीकर रोडवर एका ऑफिसात झाडलोट करत. घरी यायला बसचे दोन रुपये लागत, ते वाचवून त्या चालत येत आणि माझ्यात टाकत. त्यांचा नवरा वारला होता. त्यांची लेक ज्योती गौतमीच्याच वर्गात होती. घर अकरा नंबरचे, एकच खोली, त्यात शेजारच्या गिरणीचा आवाज. ज्योतीला पुढच्या वर्षी एस.एस.एल.सी., म्हणजे दहावी, पास व्हायचे होते आणि त्यासाठी ती खुर्ची हवी होती. एवढीच गोष्ट होती.

जयंती आठवड्यावर आली तेव्हा मंडळाचे सेक्रेटरी यशपालअण्णा म्हणाले, "गौतमी, आभार मानायला नकोत? आपल्याकडे माइकवर नाव घेतल्याशिवाय देणगी पचत नाही बघ. नाव ऐकलं की पुढच्या वर्षी हात सैल होतो."

"पण अण्णा, आपण सांगायचं नाही ठरवलंय."

"आभारच मानायचेत. तूच वाच की माइकवर. आवाज चांगला आहे तुझा."

हे शेवटचे वाक्य बोलले नसते तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी घरोघरी पाकिटे गेली, कोणी किती दिले ते कळावे म्हणून प्रत्येकावर घराचा नंबर. गौतमीच्या सुंदर अक्षरात. शेवटच्या तीन दिवसांत मी भरून गेलो. सविताक्कांनीही एक दिवस रोजच्यासारखेच नाणे टाकले, फक्त पाकिटात घालून. दिले होते म्हणून वापरले.

यशपालअण्णा आणि गौतमीने मला उघडले तेव्हा तळाला सुट्या नाण्यांचा थर होता. गौतमी म्हणाली, "दोन-दोनचीच नाणी किती आहेत, अण्णा. एकाच माणसाची वाटतात."

"कुणा दुकानदारानं सुट्टे ओतले असतील. लिही, फुटकळ."

तिने लिहिले, फुटकळ.

जयंतीच्या दुपारी मांडवात मला टेबलावर ठेवले होते, हार घालून. गौतमी माइकवर वाचत होती आणि तिचा आवाज खरोखर चांगला होता. बाळाप्पाअण्णा, पन्नास. टाळ्या. यशपालअण्णा, दोनशे एक. पुष्कळ टाळ्या. ती त्या टाळ्यांच्या भरात होती.

"घर नंबर अकरा, सविताक्का, दोन रुपये."

मागून कोणीतरी म्हणाले, "दोन रुपयांत खुर्चीचा एक पाय तरी येतो का रे?"

"पाय नाही, खिळा."

लोक हसले. फार नाही, थोडेच. सविताक्का ज्योतीची वेणी घालत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला नाही. पेड घातले, रिबन बांधली. ज्योती खाली सतरंजीकडे बघत राहिली. सगळ्यात शेवटी गौतमीने वाचले, "फुटकळ, नव्वद रुपये." त्याला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणाच्या नावाने वाजवणार?

जूनमध्ये खोली सुरू झाली. अकरा नंबरची खुर्ची रिकामी राहिली. गौतमी रोज ती पुसायची. एक दिवस सविताक्का कट्ट्यावरून जाताना तिने त्यांना थांबवले.

"अक्का, ज्योतीला पाठवा की."

"नको म्हणते ती."

"का?"

"एक पाय, एक पाय म्हणतात म्हणे पोरं. आणि दोन रुपयांत वर्षभर बसायचं म्हणजे जास्तच झालं की." त्या रागावल्या नव्हत्या. भाजीचा भाव सांगावा तसे सांगत होत्या. मग त्यांची नजर कट्ट्यावर माझ्याकडे गेली. "सवय वाईट बघ. कोप्पीकर रोडवरून चालत आले की हात अजून पिशवीत जातो."

गौतमी माझ्याकडे बघत राहिली. "रोज? ती दोन-दोनची नाणी तुमची होती?"

"कामाच्या दिवशी."

"मग त्या दिवशी बोलला का नाही?"

"तूच म्हणाली होतीस ना ग, सांगायचं नाही म्हणून."

 गौतमी म्हणाली, "मी माइकवर सांगते परत. सगळ्यांसमोर."

"साकु," सविताक्का कानडीत म्हणाल्या. पुरे. "परत माझं नाव नको." आणि गेल्या.

ज्योती दहावीला गणितात नापास झाली. पुन्हा बसली नाही. दाजीबानपेठेत कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालायला लागली. मी कपाटाखाली गेलो. माझ्यात आधी खडू होते, मग खिळे, मग काहीच नाही. मला गंज चढला. वाईट वाटले का, असे विचाराल तर काही वाटले नाही. नऊ वर्षे तशीच गेली.

दोन हजार सहामध्ये खोलीत कॉम्प्युटर आणायचे ठरले. गौतमी आता धारवाडला केलगेरीच्या बाजूला एका शाळेत शिकवत होती. सुट्टीत घरी येऊन तिने मला बाहेर काढले, चिंचेने घासले. बाळाप्पाअण्णा रिटायर झाले होते, त्यांनी झाकणाला पुन्हा डाग दिला. निळे कापड नवीन लावले. यशपालअण्णा नावे लिहायची वही घेऊन आले, तेव्हा गौतमीने ती वही त्यांच्याच हातात परत दिली.

तिसऱ्या दिवशी ज्योती आली. बोटांना खळ लागलेली, दुकानातून थेट.

"दर किती?" तिने विचारले.

"दर नाही."

"पाकीट?"

"नाही. यादीही नाही."

ज्योतीने पिशवीत हात घातला. गौतमी उठली, पाठ फिरवली आणि भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला लागली. अगदी मन लावून, जणू काही सगळे सण तिला आजच पाठ करायचे होते.

मित्रांनो, आम्हा डब्यांची काळजी घ्या, पुसा, कोरडे ठेवा, ते तर आहेच. पण कोणाचा हात आत असेल तेव्हा दुसरीकडे बघा. आणि बाहेर आल्यावरही बघू नका. एवढेच मागणे आहे.

ज्योतीची मूठ आत आली, तळापर्यंत गेली आणि उघडली. त्या मुठीत काय होते, ते मला माहीत आहे. सविताक्कांचे मी आज सांगितले, कारण ते चुकीचे वाचले गेले होते. हे सांगणार नाही.