लांब रांग, लहान डबे

मी धामणगाव बढेच्या पिठाच्या गिरणीतलं डिझेल इंजिन बोलतोय. बोलतोय कसला, पडल्या पडल्या कुरकुरतोय.

मलकापूर स्टेशनावर उतरलो आणि बैलगाडीतून इथं आलो. गिरणीवाल्या कचरूनं नारळ फोडला, माझ्या धुराड्यावर पत्र्याची वाटी बसवली. तिचं कुक् कुक् ऐकलं की बाया दळणाचे डबे घेऊन निघायच्या. सुखाचे दिवस होते ते.

मग आला त्र्याहत्तरचा हिवाळा. दूर अरब मुलखात लढाई झाली, तेलवाल्या देशांनी हात आखडला, जगभरचे कारखाने मंदावले. रेडिओ रोज सांगायचा.

"ते तिकडचं हाय. आपल्याले काय त्याचं?" कचरू म्हणायचा.

अरे बाबा, मी पितो ते तिकडचंच! पण इंजिनाचं ऐकतो कोण?

त्यात दारातली रांग वाढत चालली. आठवड्यानं येणाऱ्या बाया रोज यायला लागल्या. कचरूला वाटलं, धंद्याला बरकत आली. म्हैस विकून दुसरी चक्की आणायचं त्यानं ठरवलं. म्हैस त्याच्या बायकोच्या, तानुबाईच्या माहेरची. घरातलं सगळं दूधदुभतं तिच्यावर.

"रांग मोठी हाय, पण डबे पाह्यले का तुमी?" तानुबाई नवऱ्याला म्हणाली. "पायलीनं आणत होत्या, आता शेर शेर आणून राह्यल्या."

"धंद्यातलं तू मले शिकवू नको वं."

त्याला अडवावं म्हणून मी दोनदा पट्टा पाडून पाहिला. पट्टा घसरू नये म्हणून त्यानं राळ लावली आणि पुन्हा चढवला.

एकदा त्यानं रांगेतल्या इमामबीला विचारलं, "काऊन बाई, रोज रोज येता?"

"जिनिंग कारखान्यात कापूस पडून हाय, भाऊ. वरून मागणी नाही म्हणते शेठ. एक दिवस काम, एक दिवस नाही. जेवढी मजुरी, तेवढेच दाणे."

"दुसरी चक्की येऊ द्या, मंग थांबा नाही लागणार," कचरू हसून म्हणाला. एवढं कानावर पडूनही! मला रागच आला त्याचा.

म्हैस गेली, चक्की आली, नारळ फुटला. पण डिझेल मिळेना. कचरू बुलढाण्यापर्यंत जाऊन रिकामं पिंप घेऊन परत आला. मी थंड पडलो, आणि नवी चक्की एकदाही फिरली नाही.

बाया कुठं गेल्या? त्यांनी अडगळीतली जाती बाहेर काढली. आता दिवस उगवला की गावभर घरघर सुरू होते आणि मी नुसता ऐकत पडतो. माणसांनो, जगाचा कारभार मला कळत नाही, पण हात आखडले की माणूस आधी थोडं थोडं घ्यायला लागतो. तेवढं तरी बघत जा रे.

आज सकाळी गिरणीवाल्याच्या घरातूनही घरघर आली. तानुबाई दळत होती. कचरू बिनदुधाचा चहा घेऊन ओट्यावर बसला होता. म्हशीचं तिनं नाव काढलं नाही, तेच त्याला झोंबलं असावं. कप ठेवून तो तिच्यासमोर जाऊन बसला आणि त्यानं जात्याचा खुंटा धरला.

"चुकलंच माह्यं," तो म्हणाला.

"हाव," तानुबाई म्हणाली. "दमानं ओढा."