माईक खराब नव्हता

मी माईक बोलतोय, बिनतारी. सध्या मुक्काम ड्रॉवरमध्ये. पोटावर चिकटपट्टी आणि तिच्यावर ठळक अक्षरांत 'खराब'. मी खराब? याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी.

माझं आयुष्य एका कपड्यांच्या कारखान्याच्या सभागृहात गेलं. वायरमनकाका मला सांभाळायचे. प्रत्येक सभेआधी नवे सेल घालायचे, मला तोंडाशी धरून "हॅलो, हॅलो" करत पार शेवटच्या रांगेपर्यंत फिरायचे. माझा आवाज पकडतो तो रिसीव्हर. त्याला ते स्टेजजवळ उंच स्टुलावर ठेवायचे, दोन्ही अँटेना ताठ करून. आमच्या दोघांमध्ये काही आडवं येऊ देऊ नका, एवढंच आमचं मागणं असतं.

त्या दिवशी कामगारांची सभा होती. साहेबांनी रिसीव्हर पाहून नाक मुरडलं.

"ही शिंगं फोटोत येतात. कपाटात टाका."

"साहेब, कपाट लोखंडी आहे. मागून बोललं की आवाज तुटेल," काका म्हणाले.

"मी पुढूनच बोलणार आहे ना? मग झालं."

काकांनी मान खाली घालून कपाटाचं दार लावलं. त्यांचाही मला रागच आला.

साहेबांनी आधी मला टिचक्या मारल्या, फुंकर मारली, मग चाळीस मिनिटं सोडलं नाही. कपाट दोन हातांवर होतं, त्यामुळे सुरक्षिततेवरचं त्यांचं भाषण छान घुमलं. मग प्रश्न विचारायची वेळ आली आणि मी हातोहात शेवटच्या रांगेत पोचलो.

तिथं मावशी उभी राहिली. बावीस वर्षं कापड कापायच्या मशीनवर होती, पण सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं. मला धरलेल्या हाताची तर्जनी अर्धीच होती. कागदावर लिहून आणलेलं तिनं सावकाश वाचलं. मधे तीनशे माणसं आणि लोखंडाचं दार. हॉलला ऐकू आलं ते एवढंच: "साहेब... बोट... पा... सून..."

कोणीतरी हसलं. काका कपाटाकडे धावले, पण साहेबांनी हातानंच थांबवलं.

"माईक खराब आहे. चला, चहा घेऊ."

मावशीनं कागदाची बारीक घडी केली आणि ती बसली. माझ्यावर पट्टी चिकटली. माझ्या पोटातले सेलसुद्धा कोणी काढले नाहीत, ते आता पाझरतायत.

मला दुरुस्त करू नका, मी धडधाकट आहे. त्या रिसीव्हरला कपाटाबाहेर काढा. आणि मावशीचं वाक्य कोणापर्यंत पोचलं नसलं, तरी तिनं ते माझ्या तोंडाशी पूर्ण वाचलं होतं. तुम्ही तरी ऐका:

"साहेब, माझं बोट गेलं त्या मशीनच्या पात्याला अजून कव्हर नाही. सोमवारपासून माझी सून तिथं उभी राहणार आहे."

तो सोमवार कधीच उलटून गेला असेल. कव्हर बसलं का, एवढं मला कोणीतरी सांगा.